शब्दाआधीचा श्वास

सोमवार, ६ फेब्रुवारी १९५६

नोकरी मिळाली. त्याचा आनंद झालाय की भीती वाटतेय, ते अजून ठरलेलं नाही.

मिस्टर ल्युशस गॅरो. जाहिरातीत हे नाव वाचून मला काहीच आठवलं नव्हतं. दार उघडलं आणि समोर सिनेमातला तोच न्यायाधीश उभा. माझ्या लहानपणी सॅन पेद्रोच्या थिएटरात यानं किती जणांना फासावर चढवलं असेल, देव जाणे. शिवाय विधवांची घरं जप्त केली, कैद्यांना अंधारकोठडीत टाकलं. मी दचकून एक पायरी खाली उतरले.

"या ना," ते म्हणाले. "आज कोर्टाला सुट्टी आहे."

घरात ते उंच वाटत नाहीत. चेहरा तोच, कुऱ्हाडीनं तासल्यासारखा. त्यांची बायको हेस्टर दीड वर्षापूर्वी गेली. तेव्हापासून त्यांनी एकही काम घेतलेलं नाही. पत्रं वाचायची, उत्तरं टाइप करायची आणि स्क्रिप्ट मोठ्यानं वाचून दाखवायची, असं माझं काम. त्यांचे डोळे लवकर थकतात.

परीक्षा म्हणून एक पान वाचायला दिलं. त्यांनी डोळे मिटले. वाचून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा." मग आणखी एकदा, "पुन्हा." आधीच सांगून टाकावं म्हणून मी म्हटलं, "मिस्टर गॅरो, माझ्या वाचण्यात एक खोड आहे. कॉलेजात वक्तृत्वाचे सर म्हणायचे, मी काही शब्दांच्या आधी जिना चढल्यासारखा श्वास घेते. मला ती घालवता आली नाही. तुम्हाला नंतर कळून राग येण्यापेक्षा..."

"ऐकली मी खोड," ते म्हणाले. "सोमवार ते शुक्रवार या, मिस लुचिच."

गुरुवार, १६ फेब्रुवारी

मी कमी पडतेय असं वाटतं. प्रत्येक पत्र ते दोनदा वाचायला लावतात. काल वर्तमानपत्रातली तीन ओळींची बातमी तीनदा. ते टीका करत नाहीत, नुसते ऐकतात. टीका केली असती तर बरं वाटलं असतं.

आज जेवायला बाहेर नेलं. वाढणारी बाई आली तर त्यांनी मेनू उघडलाही नाही. "या बाई जे घेतील तेच मला." मला यकृत आवडत नाही, पण तेच सर्वांत स्वस्त होतं, म्हणून मी ते मागितलं. तेही यकृत खात बसले. त्यांनाही आवडत नसावं.

मग शेजारच्या टेबलावरची एक बाई उठून आली. "मी तुम्हाला ओळखते. तुम्ही फ्रेस्नोला आमचे दातांचे डॉक्टर होतात ना?"

"नाही हो. पण तुमचा दात मीच काढला असेल. मी बरेच काढलेत."

बाईंना एकदम आठवलं आणि त्या लाजल्या. त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला, "माझ्या बहिणीच्या नावानं द्या, विल्हेल्मिना." मिस्टर गॅरोंनी नुसतं आपलं नाव लिहिलं, मोठं, वळणदार. म्हणाले, "नुसती सही जास्त वर्षं टिकते." मला तो उर्मटपणा वाटला. बहिणीचं नाव लिहायला असा कितीसा वेळ लागतो?

त्यांच्या घरी परतल्यावर ओपलला हे सांगितलं. ओपल ओक्लाहोमाची आहे, वीस वर्षं त्यांच्याकडे स्वयंपाक करते. ती भांडं घासत म्हणाली, "पोरी, तू वाचायला आलीयस ना? मग वाच."

मंगळवार, २८ फेब्रुवारी

काम आलं. साधं नाही, मोठं. एक म्हातारा न्यायाधीश. भर कोर्टात उठून कबूल करतो की वीस वर्षांपूर्वी मी एका निर्दोष माणसाला फाशी दिली आणि तेव्हाही मला ते ठाऊक होतं. आजवर मिस्टर गॅरोंना दोन पानांच्या वर काम मिळालेलं नाही. या सिनेमात ते जवळजवळ शेवटपर्यंत आहेत.

दिग्दर्शक न्यूयॉर्कच्या नाटकांतून आलेले, जेरोम लिबमन. फोनवर त्यांचा आवाज मला दारातूनही ऐकू येत होता. मिस्टर गॅरो फोन ठेवून म्हणाले, "हे करून मग मी मरायला मोकळा." आणि हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. सिनेमात ते हसले की कुणीतरी मरतं, म्हणून मला जरा कसंतरीच झालं.

एक गोष्ट मला छळतेय. डोळे थकतात म्हणतात, पण खालच्या रस्त्यावर थांबलेल्या गाडीत दोन माणसं आहेत आणि एकानं टोपी उलटी घातलीय, हे त्यांना व्हरांड्यातून दिसतं. माझ्या मोज्याला घातलेली टीपही दिसली. फक्त कागदच दिसत नाही. मी धीर करून म्हटलं, एखादा चांगला डॉक्टर बघू या का? त्यांचा चेहरा पडद्यावर होतो तसा झाला.

"मिस लुचिच, माझे डोळे तुमच्या कामाचा भाग नाहीत."

रात्री नीट झोप येणार नाही. मी भलं करायला गेले होते.

रविवार, ४ मार्च

घरी आले होते. आईनं सार्डिन मासे तळलेले, बटाटे घातलेली पालेभाजी. आईच्या हातांना रविवारीही मासळीच्या कारखान्याचा वास असतो. बाबांच्या गावाहून, व्हिस बेटावरून पत्र आलं होतं, ते बाबांनी मी येईपर्यंत फळीवर ठेवलं होतं. मी आठ वर्षांची असल्यापासून घरातली सगळी पत्रं मीच वाचते. आमच्यात शाळेत गेलेली पहिली मी.

काकांचं लिहिणं नेहमीसारखंच. ऑलिव्हचं पीक, चर्चचं छप्पर. मग पुढच्या ओळीत मला "आत्या" दिसलं आणि त्याच्या पुढे काय आहे तेही दिसलं.

"कोण गेलं?" बाबांनी विचारलं.

मी अजून काहीच वाचलं नव्हतं.

"तू श्वास घेतलास," ते म्हणाले. "लहान होतीस तेव्हापासून घेतेस. वाईट बातमी आली की आधी तुझा श्वास येतो, मग शब्द. आत्या का?"

मी हो म्हटलं. आई उठून चुलीकडे गेली. जरा वेळानं बाबा म्हणाले, "तो फाशी देणारा कसा आहे? घरातही तसाच?"

मी म्हटलं, "नावडतं यकृत खातो." बाबा डोळे पुसता पुसता हसले.

बुधवार, १४ मार्च

घरात काहीतरी बिनसलंय आणि कारण मला कळत नाही.

सोमवारी निरोप आला की चित्रीकरणाआधी लिबमन सगळ्या नटांना टेबलाभोवती बसवून स्क्रिप्टचं वाचन करणार आहेत. नाटकवाल्यांची रीत ती. मिस्टर गॅरोंच्या तीस वर्षांत असं कधीच झालं नाही. छोट्या कामाच्या नटाला त्याची पानं घरी यायची. पाठ करायचं, जायचं, बोलायचं, मरायचं आणि घरी यायचं.

निरोप वाचून दाखवला तर त्यांनी तो कागद माझ्याकडून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

तेव्हापासून रोज पूर्ण स्क्रिप्ट मोठ्यानं वाचतेय. फक्त त्यांचं काम नाही, सगळ्यांचं. वकिलाचं, आरोपीच्या आईचं, शिपायाचंही. आणि प्रत्येक पान संपलं की मी पेन्सिलीनं टेबलावर टकटक करायचं. पान कुठे उलटतं ते त्यांना ध्यानात ठेवायचंय. त्यांच्या हातात त्यांची प्रत असते, माझी टकटक झाली की ते पान उलटतात. काल संध्याकाळपर्यंत टकटक न करताही अचूक उलटत होते.

इतकी चिकाटी मी कुणात पाहिली नाही. पान उलटण्याचासुद्धा सराव. मला स्वतःची लाज वाटली. मी तर परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक मिटून प्रार्थना करत बसायचे.

ओपल मात्र रागात आहे. कुणावर, सांगत नाही. कॉफी ठेवताना म्हणाली, "हेस्टरबाई असत्या तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं."

"काय होऊ दिलं नसतं?"

"टेबल," ती म्हणाली आणि गेली.

सोमवार, १९ मार्च

अक्षर वाईट येतंय. तरी आजच लिहिते.

स्टुडिओतली लांब खोली, लांब टेबल. नट टेबलाशी, आम्ही मदतनीस भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. मिस्टर गॅरोंनी करडा कोट घातला होता, चष्मा लावला होता. घरी त्यांना चष्म्यात मी कधी पाहिलं नव्हतं.

सुरुवात छान झाली. छान म्हणजे काय, बाकीचे वाचत होते आणि हे बोलत होते. पानं सगळ्यांबरोबर उलटत होती. वकिलाचं काम करणारा तरुण नट त्यांच्याकडे बघता बघता आपली ओळ विसरला. लिबमन टेबलाच्या टोकाला हनुवटीखाली मुठी घेऊन बसले होते. मला इतका अभिमान वाटत होता, जणू मीच ते लिहिलंय.

मग एक सहायक आत आला आणि सगळ्यांपुढे निळी पानं ठेवली. बदललेला मजकूर निळ्या कागदावर देतात. कबुलीजबाबाचा सगळा प्रसंग लेखकानं काल नव्यानं लिहिला होता. तिथली पांढरी पानं काढून टाका, असं सांगितलं गेलं.

तरुणानं निळ्या पानावरचा प्रश्न विचारला. मिस्टर गॅरोंनी निळं पान उचललं, समोर धरलं आणि सुंदर आवाजात पांढऱ्या पानावरचं उत्तर दिलं.

दोघंतिघं हसले. लिबमन म्हणाले, "ल्युशस, निळं पान."

"हो, हो." आणि पुन्हा पांढरं. शब्दन् शब्द.

आता कुणी हसलं नाही. लेखक कोपऱ्यात बसला होता, त्याचे कान लाल झाले. लिबमननी हळू विचारलं, "नवीन आवडलं नाही का? तसं असेल तर सरळ सांगा. असा तमाशा नको."

"चष्मा," मिस्टर गॅरो म्हणाले. "चुकीचा आणलाय. हा लांबचं बघायचा."

शेजारच्या म्हाताऱ्या नटानं लगेच आपला चष्मा काढून दिला. "हा घ्या, ल्यू. माझा नंबर सगळ्यांना चालतो."

त्यांनी तो घातला. आणि मी त्यांचे डोळे पाहिले. डोळे ओळीवरून सरकत नव्हते. ते सगळं पान एकदम बघत होते. समुद्राकडे बघावं तसं. बाबा माझ्या हातात पाकीट देण्याआधी त्याच्याकडे तसंच बघतात.

मेनू. विल्हेल्मिना. टकटक. सगळं एकदम कळलं. सहा आठवडे मी त्यांच्या समोर बसलेय. लहानपणापासून अशाच एका माणसाच्या समोर बसत आलेय. आणि मला कळलं नाही, कारण त्यांच्या अंगावर करडा कोट होता.

त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि पान अजिबात हलत नव्हतं. मी उठले. का उठले ते माहीत नाही, मी कधी अशी उठत नाही. त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि निळ्या पानावरची त्यांची पहिली ओळ हळू आवाजात वाचली.

त्यांनी मान वळवली नाही. ओळ उचलली आणि बोलले. मी दुसरी वाचली, ते बोलले. असं करत पूर्ण प्रसंग झाला.

विश्रांतीत लिबमननी मला बाहेर बोलावलं. "हे काय होतं? पितो का तो? आठवण गेलीय? खरं सांगा, उद्या दुसरा नट बघायला मला वेळ हवा."

मी खोटं बोलत नाही. बोलले तर अंगावर पुरळ उठतं. मी म्हणाले, "मिस्टर गॅरो कुठलंही वाक्य आधी कानांनी ऐकल्याशिवाय तोंडातून काढत नाहीत. तीस वर्षं ते असंच करत आलेत. त्यांच्या पत्नी वाचायच्या, आता मी वाचते."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी पुन्हा पुन्हा तपासला.

लिबमन माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे कागदाचा स्पर्शच नाही," ते म्हणाले. "डोळा मध्ये येतच नाही. तीस वर्षं? आणि आम्ही न्यूयॉर्कात बसून अभिनयाच्या पद्धती शोधतोय." ते धावत आत गेले आणि टाळी वाजवून म्हणाले, "सगळ्यांनी पानं मिटा. एकमेकांना वाचून दाखवायचं. मिस्टर गॅरो करतात तसं."

आणि त्यांनी ते केलं. मोठमोठे नट डोळे मिटून एकमेकांचं ऐकत बसले. एकानं तर म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदाच मला शब्द ऐकू आला. मी भिंतीकडच्या खुर्चीवर येऊन बसले. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती.

मिस्टर गॅरोंनी संपेपर्यंत एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीतही नाही. घराशी उतरल्यावर म्हणाले, "मिस लुचिच, उद्यापासून यायची गरज नाही."

शुक्रवार, २३ मार्च

खोलीतच आहे. घरमालकिणीला सर्दी झाली म्हणून सांगितलं. खरोखर थोडी झाली आहे.

मी काय चुकीचं केलं, ते शोधून पाहिलं. उठले नसते तर काम गेलं असतं. उठले तर मी गेले. काम राहिलं हेच बरं, असं मनाला समजावते, पण मन ऐकत नाही. निळी पानं त्यांना आता कोण वाचून दाखवणार? ओपलला वाचता येतं का, मला माहीतही नाही. मी कधी विचारलं नाही. चित्रीकरण दोन तारखेला.

सोमवार, २६ मार्च

ओपलचा फोन. "पोरी, येतेस का? तीन दिवस मी वाचतेय. मी सगळं पाककृतीसारखं वाचते म्हणतात. काल न्यायाधीशानं फाशीची शिक्षा दिली, ती ऐकून मला ओव्हन लावावासा वाटला."

"त्यांनी बोलवायला सांगितलं?"

"त्यांनी सांगितलं असतं तर मी फोन कशाला केला असता?"

गेले. ते व्हरांड्यात पाठ करून उभे होते. मी खुर्चीत बसले, निळी पानं घेतली, पण वाचायला सुरुवात केली नाही.

"तुला आधीपासून ठाऊक होतं का?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

"नाही. माझ्या बाबांनाही वाचता येत नाही. तरी मला कळलं नाही."

"लिबमनला काय सांगितलंस?"

मी शब्दशः सांगितलं. त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतायत. हसत होते. हसून हसून त्यांना कठडा धरावा लागला. "पद्धत," ते म्हणाले. "अरे देवा. हेस्टर असायला हवी होती." मग डोळे पुसले. "वाच."

रविवार, १ एप्रिल

आज ईस्टर असूनही काम केलं. उद्या पहिला दिवस.

मधल्या वेळात ते आपणहून बोलले. केंटकीत, कोळशाच्या खाणीत नऊ वर्षांचे असताना खेचरं हाकायचे. शाळा होती, पण डोंगराच्या पलीकडे. मग फिरत्या तंबूतल्या नाटकात तंबू ठोकायचं काम. तिथं रोज ऐकून ऐकून सगळ्यांची कामं पाठ झाली. एक दिवस खलनायकाचा नट पिऊन पडला आणि यांना रंगमंचावर ढकललं. त्याच तंबूच्या दारात हेस्टर तिकिटं फाडायची.

"माझं नाव कशामुळे झालं ठाऊक आहे?" ते म्हणाले. "बोलण्यातला तो थांबा. प्रत्येक समीक्षकानं लिहिलं. गॅरो चार शब्द बोलतो आणि थांबतो, आणि थिएटर गार पडतं." त्यांनी माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. "हेस्टरला दमा होता, विन्का. चार शब्दांवर ती वाचूच शकायची नाही. ती जशी वाचायची तसं मी बोलायचो. मला वाटलं, ते तसंच लिहिलेलं असतं."

लहानपणी त्या थांब्यात मी आईचा हात धरायचे. तो एका आजारी बाईचा दम होता.

जाताना मी पिशवीतून ते पुस्तक काढलं. शनिवारी आणलं होतं, मोठ्या अक्षरांचं, चित्रं नसलेलं, मुद्दाम. म्हटलं, "तुमची इच्छा असेल तर, रोज थोडंसं. बाबांना मी कधी विचारलं नाही, त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून..."

रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"त्या टेबलाशी बसलेल्यांचे चेहरे पाहिलेस ना? ते बोलतात तेव्हा त्यांना ओळ दिसते. डोळ्यांत दिसते. मला माणूस ऐकू येतो. या वयात तेवढंच आहे माझ्याकडे." पुस्तक परत दिलं. "बाबांना विचार. ते हो म्हणतील कदाचित."

गुरुवार, १९ एप्रिल

आज कबुलीजबाबाचा प्रसंग झाला. मला अजून सावरता येत नाही.

मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते. ते न्यायासनावरून खाली उतरले, साक्षीदाराच्या जागी उभे राहिले. तरुण वकिलानं विचारलं. ते बोलायला लागले. हेस्टरचा थांबा नव्हता. चार शब्दांवर थांबणं कुठेच नव्हतं. वाक्य सरळ चाललं होतं, आणि मग एका शब्दाच्या आधी त्यांनी श्वास घेतला. लहानसा, जिना चढल्यासारखा. मग म्हणाले, "निर्दोष."

तो माझा श्वास होता. पुढचा शब्द आधी दिसलेला माणूस तो शब्द उच्चारण्याआधी घेतो तो. फळीवरून पत्र काढून स्वयंपाकघरात उभी असलेली मी. वक्तृत्वाच्या सरांनी छातीवर पट्टी लावून जिची खोड मोडायचा प्रयत्न केला, ती मी. तिथं, काळ्या झग्यात, दिव्यांच्या उजेडात, सगळ्यांसमोर. मला झाकून घ्यावंसं वाटलं. कुणीतरी माझे कपडे घालून चौकात उभं राहिल्यासारखं.

लिबमन बराच वेळ "कट" म्हणायचे विसरले. रंगभूषेची बाई रडत होती. मग लिबमन त्यांच्याकडे गेले. "तो श्वास. शब्दाच्या आधीचा. कुठून आणलात?"

मिस्टर गॅरो म्हणाले, "त्याला पुढचं दिसतंय. म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आज मला त्याचा राग आला नाही. आला होता, पण टिकला नाही.

शनिवार, २८ एप्रिल

सुट्टी असूनही ओपलनं बोलावलं. काम संपलंय, सगळे खूश आहेत, लिबमननी फुलं पाठवलीत. तरी ते दोन दिवस जेवत नाहीत, म्हणाली.

ते व्हरांड्यात होते. मांडीवर एक जुनं स्क्रिप्ट, कडा तपकिरी झालेल्या. त्यांच्या पहिल्या बोलपटाचं. सावकार आणि विधवा.

"ती ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"कोण?"

"गेल्यावर दीड वर्ष रोज ऐकू यायची. म्हणून काम घेतलं नव्हतं. दुसऱ्याचं वाचन कानात गेलं की ती पुसली जाईल अशी भीती होती. आणि तसंच झालं. आता काहीही आठवायला गेलं की तू वाचतेस." ते तक्रार करत नव्हते. हवामान सांगावं तसं सांगत होते. "न्यायाधीश मिळाला. ती गेली."

मी नेहमी कमी पडण्याला भीत आले. आपण कुणाच्या घरात इतकी जागा व्यापू असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी स्क्रिप्ट माझ्या हातात दिलं. "हे वाच. तुझ्यासारखं नको. तिच्यासारखं."

"मी त्यांना कधी ऐकलं नाही."

"मी सांगतो. चार शब्द, मग थांब. श्वास वर नाही, खाली. छातीत शिट्टी असल्यासारखा."

मी वाचलं. "नाही," ते म्हणाले. पुन्हा वाचलं. "नाही, तू दुःखी होतेस. ती दुःखी नसायची, तिला घाई असायची. शिट्टी लपवायची असायची." पुन्हा. "नाही, नाही." ते चिडले, खुर्चीत पुढे सरकले. "असं नाही. असं."

आणि त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली.

आवाज बारीक नव्हता, बदललाही नव्हता, तरी एक बाई बोलायला लागली. "तुमचं घर उद्या सकाळी..." थांबा. "...माझं होईल, मिसेस हॉल..." थांबा. "...ल्यू, पाय खाली घे, रंग जातो टेबलाचा..." थांबा. "...आणि रडून काही..." थांबा. "...ती खिडकी लाव रे, धूळ येते..." थांबा. "...उपयोग नाही."

मी कागदावर पाहिलं. पायाचं आणि खिडकीचं अर्थातच तिथं नव्हतं. ते सगळं त्यांनी ओळींबरोबर पाठ केलं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी, काय स्क्रिप्ट आणि काय बायको ते वेगळं न करता. त्यांना ऐकू येत होतं का, माहीत नाही. ते थांबत नव्हते. सावकार धमकी देत होता आणि मध्येच विचारत होता की कॉफी उतरवलीस का. ओपल दारात येऊन उभी राहिली, हातात फडकं. तिनं ते तोंडावर धरलं.

मी म्हणणार होते, मिस्टर गॅरो, ऐका, ती आहे. श्वासही घेतला होता. पण तो तसाच आत ठेवला.

पान संपत आलं. त्यांचा हात मांडीवर हलला, रिकामाच. मी माझ्या हातातलं पान उलटलं, जिथं उलटायचं तिथंच, आवाज न करता, आणि पुढचं ऐकत राहिले.